कृष्णाकाठचा महापूर : पडलेलं घर पुन्हा उभारताना

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. तिथं धोक्याची पातळी 45 फूट आहे. जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर आला. त्याच पावसात सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव इथं दरड कोसळून घरं गाडली गेली. म्हणून घर बांधताना पुढचा पूर धरूनच चालावं.

पंचनामा : सरकारी मदत यावरच मिळते. ढिगारा उपसण्याआधी पडझडीचे फोटो काढा आणि पंचनाम्याची प्रत जपून ठेवा.

नावाची नोंद : अनेक घरं अजून आजोबांच्याच नावावर असतात. मग मदत कुणाच्या खात्यात जमा करायची, यावर गाडी अडते. वारसनोंद आत्ताच करून घ्या. त्यात बहिणींची नावं वगळू नका. शरीअतनं त्यांचाही हिस्सा ठरवून दिलाय.

जागा : नदीकाठी दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. आपलं घर कुठं येतं, ते पाटबंधारे कार्यालयात विचारा.

बांधकाम : मातीच्या भिंती पाण्यात विरघळतात. परवडत असेल तर कॉलमचं घर बांधा, जोतं उंच घ्या. विजेचा मीटर, धान्य आणि कागदपत्रं मागच्या पुराच्या खुणेच्या वर ठेवा.