गिरणगावातली बाळागोळी

मोहरीएवढी अफूची गोळी दुधात उगाळायची, बोटाने तान्ह्याला चाटवायची, की ते कितीतरी तास निपचित पडून राही. मुंबईच्या गिरणगावात तिला बाळागोळी म्हणत. परळ, लालबाग, शिवडीच्या चाळींतून एके काळी ती घरोघरी होती. 1920च्या सुमारास मुंबईत झालेल्या आरोग्य-पाहणीत, कामगार बायकांच्या शंभरातल्या 98 बाळांना अफू दिली जाते, असं नोंदलं गेलं. मी याच भागात परिचारिका म्हणून उमेदीची वर्षं काढली. माझी आजी कापड गिरणीत, सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग खात्यात होती आणि तिनेही आपल्या पोरांना ही गोळी दिली होती. तेव्हा या बायकांबद्दल कुणी ‘अडाणी’ म्हणून बोललं, की मला ते सहन होत नाही.

त्यांचा दिवस कसा जाई ते आधी पाहायला हवं. 1891च्या कायद्याने बायकांच्या कामाचे तास अकरावर आणले. अकरा तास खात्यात, त्याआधी नळावरचं पाणी आणि चूल, त्यानंतर पुन्हा चूल. बाळंतपणाला कोकणात माहेरी जावं, तर परत येईपर्यंत जागा भरलेली असे. नायकिणीची, म्हणजे बायकांवरच्या मुकादमीणीची मर्जी राखली तर काम, नाहीतर भोंगा वाजला तरी दारात उभं राहायचं. घरी सासू असली तर ठीक. नसली तर बाळ शेजारणीकडे, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर, आणि ती बहीण असायची जेमतेम सहा-सात वर्षांची. अशा घरात रडणारं मूल सांभाळायचं कुणी? आजी सांगे, ‘गोळी दिली की पोर गप, आणि मी खात्यात.’

त्या गप्प राहण्याची किंमत मोठी होती. अफूने भूक मरते, पोट साफ होत नाही, श्वास मंदावतो. भूक लागली की रडायचं, ही बाळाची एकच भाषा. तीच बंद पडायची. मूल ओढत नाही म्हटल्यावर आईचं दूधही आटायचं. मात्रा जराशी चुकली, तर झोपलेलं मूल उठतच नसे. 1921 साली मुंबईतला अर्भकमृत्यूचा नोंदलेला दर हजारी सहाशेच्या वर होता. त्याला एकटी अफू कारण नव्हती. एका खोलीचे कोंदट संसार, घाण पाणी, जुलाब हेही होतं. पण आधीच उपाशी असलेल्या बाळाला अफू आणखी उपाशी ठेवी.

सरकारला हे ठाऊक नव्हतं असं नाही. 1893 साली नेमलेल्या शाही अफू आयोगापुढे बाळांना अफू देण्याच्या प्रथेची चर्चा झाली होती. अफूच्या महसुलावर हात ठेवून बसलेल्या राजवटीने आयोगाचा निष्कर्ष आनंदाने घेतला: माफक अफूने फारसं बिघडत नाही.

बदल घडू लागला तो दुसऱ्या वाटेने. 1922मध्ये डॉक्टर बार्न्स या बाईंनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करून अहवाल दिला. 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी ठामपणे मांडलं, की बाळंतपणाच्या आगेमागे आईला विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा. 1929 साली कायदा झाला. मुंबईत रोजचे आठ आणे, काही आठवड्यांपुरते. पुढे 1948च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. बाळाजवळ राहायला आईला वेळ आणि पैसा मिळू लागला, तशी गोळीची गरज कमी होत गेली.

आज बाळापर्यंत नशा पोचण्याचा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. दूध पाजणारी एखादी आई झोप लागत नाही म्हणून, मन थाऱ्यावर नाही म्हणून गांजा ओढते किंवा भांग घेते. ‘झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतं?’ असं म्हणणारेही भेटतात. गांजातलं नशा आणणारं द्रव्य चरबीत विरघळतं आणि दुधात चरबी असतेच. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, गांजा घेतल्यानंतर सहा दिवसांपर्यंत ते दुधात सापडलं. म्हणजे रात्री घेतलं आणि सकाळचं दूध पिळून टाकलं, एवढ्याने भागत नाही. पाजत्या आईने गांजा आणि भांग दोन्हींपासून दूर राहावं, आणि घेतलं असेल तर ते डॉक्टरांना न लपवता सांगावं. भीतीपोटी बाळाचं दूध मात्र परस्पर तोडू नये.

पण तिने ते सांगावं अशी आपली इच्छा असेल, तर आधी आपलं तोंड आवरायला हवं, तिची अडचण समजून घ्यायला हवी. 2017पासून कायद्याने 26 आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा आहे. धुणीभांडी करणारीला, बांधकामावर विटा वाहणारीला ती कुठे मिळते? ओरडा खाणारी आई पुढच्या वेळी खरं बोलत नाही, हे मी प्रसूतिगृहात पुरेपूर पाहिलं आहे. म्हणून नव्या परिचारिकांना मी एकच सांगते. नशेबद्दल जरूर विचारा, स्पष्ट विचारा. पण त्याआधी विचारा, की बाई, तू शेवटची पोटभर कधी झोपलीस आणि तुझं बाळ दिवसा कुणाजवळ असतं? इलाज तिथून सुरू होतो.