स्नानवेशातील हौशी छायाचित्रे : संग्रह व अभ्यास

समुद्रकिनारी, नदीकाठी किंवा तलावावर पोहण्याच्या पोशाखात असलेल्या माणसांची, घरातल्या किंवा सोबतच्या कुणीतरी टिपलेली जुनी छायाचित्रे जमवण्याचा छंद. सौंदर्यस्पर्धा, नटनट्या आणि जाहिराती यांची व्यावसायिक चित्रे त्यात मोडत नाहीत. फोटो काढणारा आणि फोटोतला, दोघांचीही नावे बहुतेक वेळा हरवलेली असतात. या छंदाचा मुख्य वावर अमेरिका व पश्चिम युरोपात आहे.

जॉर्ज ईस्टमनचा पहिला कोडॅक कॅमेरा १८८८ साली बाजारात आला. किंमत २५ डॉलर, आत १०० चित्रांची फिल्म. ती संपली की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. १९०० साली एक डॉलरचा ‘ब्राउनी’ आला आणि फोटो काढणे सामान्य घरांच्या आवाक्यात आले. या पेटीवजा कॅमेऱ्यांना उजेड भरपूर लागे. घरात चित्र काळे पडे; किनाऱ्यावर मात्र वाळू आणि पाणी दोन्ही ऊन परतवत असल्याने ते हमखास येई. घरगुती अल्बमांत किनारा इतका दिसतो, त्यामागे सुट्टीच्या आनंदाइतकाच हा तांत्रिक भागही आहे. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढा, असे कोडॅकच्या सूचनापत्रकांत सांगितलेले असे. म्हणून या चित्रांतली माणसे डोळे बारीक करून बघतात आणि पुढच्या वाळूवर कितीदा तरी फोटो काढणाऱ्याची सावली पडलेली दिसते. ज्याचे नाव उरले नाही त्याची ही सावली अनेक संग्राहक मुद्दाम शोधतात, आणि ते योग्यच आहे.

ब्राउनीच्या आधीचेही काही काम महत्त्वाचे आहे. पॉल मार्टिनने १८९२ साली इंग्लंडमधील यार्मथच्या वाळूवर लपवलेल्या कॅमेऱ्याने बेसावध माणसे टिपली. फ्रान्समध्ये झाक-आंरी लार्तीगने लहान वयातच आपल्या घरच्यांच्या गमतीजमती पकडल्या. टायरच्या होडीत बसलेल्या थोरल्या भावाचे त्याचे १९११ मधील चित्र प्रसिद्ध आहे.

चित्राचा काळ ठरवताना पहिली मदत पोशाखाची होते. सुरुवातीचे पोशाख लोकरीचे. भिजले की जड होऊन लोंबत. वॉशिंग्टनच्या टायडल बेसिनवर १९२२ साली एक अधिकारी गुडघ्यावर टेकून बायकांच्या पोशाखाचे गुडघ्यापासूनचे अंतर फितीने मोजत होता. ते वृत्तछायाचित्र आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. पुरुषांनाही मोकळीक नव्हती. अनेक अमेरिकन किनाऱ्यांवर १९३० च्या दशकातही उघड्या छातीने फिरायला बंदी होती. त्याच दशकात लास्टेक्स या रबरी धाग्यामुळे कापड अंगाला बसू लागले. ५ जुलै १९४६ रोजी लुई रेआरने पॅरिसच्या मोलितोर जलतरण तलावावर बिकिनी सादर केली. तरीही पोशाखावरून ‘याच्या आधीचे नव्हे’ एवढेच खात्रीने म्हणता येते. माणसे तोच पोशाख वर्षानुवर्षे वापरत आणि कित्येक जण किनाऱ्यावरच्या स्नानगृहातून तो भाड्याने घेत. छातीवर स्नानगृहाचे नाव किंवा आकडा छापलेला दिसला, तर तो भाड्याचा असण्याची शक्यता मोठी.

दुसरी आणि अधिक भरवशाची मदत चित्राच्या पाठीची. पोस्टकार्डाच्या जाड कागदावर छापलेल्या प्रतींवर तिकिटाच्या चौकटीभोवती कागदाच्या कंपनीचे चिन्ह असते. ‘एझो’ कागदावरचे चारही त्रिकोण वर टोक करून असतील तर तो साधारण १९०४ ते १९१८ मधला, दोन वर आणि दोन खाली असतील तर त्यानंतरचा. कातरलेल्या नागमोडी कडा १९३० ते १९५० च्या दशकांकडे बोट दाखवतात. पांढऱ्या समासात छापलेला महिना प्रत धुतल्याचा असतो. डिसेंबरचा शिक्का आणि चित्रात भर उन्हाळा, असे त्यामुळेच घडते. पाठीला काळ्या कागदाचे खरखरीत तुकडे चिकटलेले असतील तर चित्र अल्बममधून उपटलेले आहे. त्या काळ्या पानावर पांढऱ्या शाईने नाव, गाव, साल लिहिण्याची पद्धत होती. विक्रेते अल्बम फोडून चित्रे सुटी विकतात, कारण तसे पैसे जास्त मिळतात, आणि मजकूर त्या पानाबरोबर कचऱ्यात जातो. या क्षेत्रातले सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

किनाऱ्यावर कोण जाऊ शकत होते, हे या चित्रांइतके क्वचितच दुसरे काही सांगते. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. ब्रिटनमध्ये त्याबाबतचा कायदा १९३८ साली झाला. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना बहुतेक किनारे बंद होते. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे विला ब्रूस यांनी १९१२ साली जागा घेऊन आपल्या लोकांसाठी स्नानगृह चालवले; तिथे पोशाखही भाड्याने मिळत. उद्यानाचे निमित्त करून नगरपालिकेने ती जागा १९२० च्या दशकात काढून घेतली आणि ती वारसांना परत मिळायला २०२२ साल उजाडले. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९९० च्या दशकात ‘शेड्स ऑफ एल. ए.’ या उपक्रमात घरोघरच्या अल्बमांतील चित्रांच्या प्रती करून घेतल्या. सांता मोनिकाच्या वाळूवर स्नानवेशात उभे असलेले १९२४ मधील एक तरुण कृष्णवर्णीय जोडपे त्यात आहे. हा किनारा आमचाही होता, हे सांगणारा असा पुरावा सरकारी दप्तरात सापडत नाही. इथे मूळ चित्र घरातच राहिले आणि नावही टिकले, म्हणून ही पद्धत अनुकरणीय वाटते.

कलासंग्रहालयांनी अशा अनाम चित्रांची दखल उशिरा घेतली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये २००० साली थॉमस वॉल्थर यांच्या आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत २००७ साली रॉबर्ट जॅक्सन यांच्या संग्रहाचे प्रदर्शन झाले. हंगेरीतील ‘फोर्टेपान’ हा २०१० साली खुला झालेला संग्रह बुडापेस्टच्या रस्त्यांवर टाकून दिलेल्या चित्रांपासून सुरू झाला. बालाटन सरोवरावर पोहायला आलेली माणसे त्यात पुष्कळ आहेत. जर्मनीत पांढऱ्या अस्वलाचा वेश घेतलेल्या माणसाबरोबर स्नानवेशात काढलेल्या फोटोंचा स्वतंत्र वर्ग आहे. झां-मारी दोना यांनी त्या फोटोंचे पुस्तक केले.

महाराष्ट्रात विहिरीत, नदीत पोहणे जुने. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून उतरणारी पोरे कोणत्याही गावात दिसत. त्यांचे फोटो मात्र विरळा, कारण कॅमेरा मोजक्याच घरांत होता. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या तेव्हा केवढा गहजब झाला, हे पाहता घरच्या अल्बमातही असे चित्र लावताना हात अडखळला असेल तर नवल नाही. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या फोटोंचे गठ्ठे येतात. तिथेही अल्बम अखंड मिळाला तर तो तसाच घ्यावा.

चित्रातली माणसे हयात असू शकतात आणि त्यांनी ते घरच्यांसाठी काढू दिले होते. प्रत विकत घेतल्याने प्रताधिकार मिळत नाही. लहान मुलांची अशी चित्रे जाहीर न करणेच योग्य. जतनासाठी पीव्हीसीच्या पिशव्या टाळून पॉलिएस्टरच्या वापराव्यात. चिकट पानांचे १९७० च्या दशकातले अल्बम चित्र कायमचे धरून बसतात, त्यातून ते ओढून काढू नये. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवावी. पाठीवर काही नोंदवायचे तर मऊ पेन्सिलीने, कडेला, आणि चित्र कुठून मिळाले तेही लिहावे.