वातीपासून उपग्रहापर्यंत : ड्रोनच्या परतीचा मागोवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या आसपास छोटा ड्रोन उडवायचा तर वाटेत काय काय आहे, ते आधी पाहून घ्यावं लागतं. या भागात कोळशाच्या खाणी आहेत, 2022 मध्ये सुरू झालेल्या सिमेंट कारखान्याचे उंच मनोरे आहेत, वावरांवरून गेलेल्या विजेच्या तारा आहेत आणि त्यापुढे सागाचं जंगल. ड्रोन एखाद्या टेकाडाआड गेला की रिमोटवरच्या सिग्नलच्या दांड्या भराभर उतरतात, मोबाइलवरचं चित्र गोठतं आणि कांड्या कितीही हलवल्या तरी काही होत नाही. धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती तेव्हा वाट पाहण्यापलीकडे काही नसतं. तिकडे ड्रोन मात्र आपलं काम सुरू करतो. काही क्षण जागच्या जागी थांबतो, ठरलेल्या उंचीवर चढतो, तोंड वळवतो आणि जिथून उडाला त्या जागेकडे निघतो.

याला उडवणारे ‘रिटर्न टू होम’ किंवा नुसतं ‘आरटीएच’ म्हणतात. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती ड्रोनबरोबरच जन्माला आली असं वाटतं. तिची वंशावळ मात्र बरीच जुनी आहे. तिच्यात पक्षी आहे, जळती वात आहे, हॉलिवूडचा नट आहे आणि पाडलेलं प्रवासी विमानही आहे. ही वंशावळ उलगडताना एक धागा सारखा हाती लागतो. परत यायचं की नाही आणि कसं यायचं, हे यंत्र हवेत ठरवत नाही. ते जमिनीवर, उड्डाणाआधी, कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं.

कॅमेरा घेऊन उडायचं आणि आपणहून घरी यायचं, हे काम सर्वात आधी कबुतराने केलं. जर्मनीतल्या क्रोनबर्ग गावचे औषधविक्रेते युलियुस न्यूब्रोनर कबुतरांकरवी औषधं मागवत. एकदा त्यांचं एक कबुतर धुक्यात हरवलं आणि सुमारे महिनाभराने चांगलं धष्टपुष्ट होऊन परत आलं. इतके दिवस ते होतं कुठे, या कुतूहलातून त्यांनी कबुतराच्या छातीवर बांधायचा हलका कॅमेरा केला आणि 1908 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. फोटो कधी निघायचा याची वेळ कबुतर सोडण्याआधीच लावलेली असे. मर्यादाही तेव्हाच दिसली. कबुतराला एकच घर कळतं, ते वाढलं तो खुराडा. मालकाने मधल्या काळात मुक्काम हलवला तरी पक्षी आपल्या जुन्याच जागी उतरणार.

यंत्राला दुरून हुकूम देण्याची युक्ती त्याआधी दहा वर्षं सापडली होती. निकोला टेस्ला यांनी 1898 मध्ये तारेविना चालणाऱ्या छोट्या होडीचं पेटंट घेतलं. हुकूम पोहोचला तर होडी वळे. न पोहोचला तर काय, हा प्रश्न त्याच दिवशी जन्माला आला. उत्तर यायला बरीच वर्षं जायची होती. आधी यंत्राला हवेत नीट तोल सांभाळता यायला हवा होता. तो जायरोस्कोपने सांभाळला. 18 जून 1914 रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या तरुण अमेरिकन वैमानिकाने दोन्ही हात वर करून विमान उडवून दाखवलं. त्याचा मेकॅनिक चालत पंखावर गेला तरी विमान कललं नाही. आजच्या ड्रोनच्या पोटात हेच काम नखाएवढी चिप करते.

हौशी मंडळींचं दुःख वेगळं होतं. एनसीसीच्या हवाई शाखेत ज्यांनी एअरोमॉडेलिंग केलं आहे त्यांना ते लगेच कळेल. बाल्सा लाकडाचं, रबराच्या पिळावर उडणारं विमान उन्हाने तापलेल्या हवेच्या झोतात सापडलं की वर वर जातं आणि दिसेनासं होतं. तिथे ना रिमोट, ना सिग्नल. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हौशींमध्ये यावर एक साधा उपाय रूढ झाला. विमानाची शेपटी रबरबँडने दाबून बसवायची आणि त्या रबरात हळू जळणारी वात अडकवायची. वात पेटवून विमान सोडायचं. काही मिनिटांनी वात रबरापर्यंत पोहोचते, रबर तुटतं, शेपटी टपकन वर उचलली जाते आणि विमान पोटावर आडवं, संथ खाली येतं.

ही वात बारकाईने पाहण्यासारखी आहे. वातीची लांबी म्हणजे उड्डाणाची मुदत. आखूड कापली तर चांगलं उड्डाण अर्ध्यावर संपतं, लांब ठेवली तर विमान पुढच्या गावात. वारा किती, ऊन किती, मैदान केवढं, हे पाहून बोटाच्या पेराने माप घ्यायचं आणि ब्लेडने वात कापायची. एकदा विमान सुटलं की त्यात बदल नाही. आजच्या ॲपमध्ये परतीची उंची भरणारा माणूस तीच वात कापत असतो.

सिग्नल तुटण्यावरचं उत्तर युद्धाने आणलं. रेजिनाल्ड डेनी हा हॉलिवूडमधला ब्रिटिश नट. त्याला मॉडेल विमानांचं वेड होतं आणि त्यातून त्याने रेडिओप्लेन ही कंपनी काढली. विमानविरोधी तोफांच्या सरावासाठी तिने रेडिओवर चालणारी लक्ष्य-विमानं हजारोंनी बनवली. नॉर्मा जीन नावाच्या एका तरुण कामगार मुलीचे फोटो 1945 मध्ये याच कारखान्यात निघाले. पुढे जगाने तिला मेरिलिन मन्रो म्हणून ओळखलं. गोळ्यांतून वाचलेलं विमान पॅराशूटने खाली येई, आणि पुढच्या मॉडेलांत रेडिओ तुटला की ते पॅराशूट आपोआप उघडू लागलं. सिग्नल नसणं हाही एक हुकूम मानायचा, ही कल्पना इथे पक्की झाली.

रिमोटच्या हौशी विमानांत ती पुढे ‘फेलसेफ’ म्हणून आली. सिग्नल गेला तर शेवटचा हुकूम तसाच धरून ठेवायचा की इंजिन मंद करून विमान खाली आणायचं, हे मालकाने रिसीव्हरमध्ये आधीच भरून ठेवायचं. विमान पडेल ते निदान जवळपास पडावं, एवढीच अपेक्षा होती. परत आणायचं तर आपण कुठे आहोत हे विमानाला कळायला हवं, आणि ते कळायला आकाशात उपग्रह हवे होते.

उपग्रह अमेरिकन लष्कराचे होते. 1 सप्टेंबर 1983 रोजी कोरियन एअरलाइन्सचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. त्यात 269 माणसं मेली. त्यानंतर अमेरिकेने जीपीएस नागरी वापरासाठी खुलं करण्याची घोषणा केली, पण नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती सुमारे 100 मीटरपर्यंत जाई. आपल्या वावरातून उडालेला ड्रोन शेजाऱ्याच्या विहिरीवर उतरला असता. ही भेसळ मे 2000 च्या सुरुवातीला बंद झाली आणि चूक काही मीटरांवर आली. हौशी माणसाच्या यंत्राला घर सापडू लागलं ते यानंतर.

पुढची पायरी हौशींनीच चढली. जर्मनीत मिक्रोकॉप्टर, अमेरिकेत आर्डुपायलट अशा प्रकल्पांत लोक सर्किटं जोडत, प्रोग्राम वाटून घेत आणि यंत्रं आपटत शिकले. मुंबईत आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी 2007 मध्ये आयडियाफोर्ज सुरू केली. त्यांचा ड्रोन 2009 च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये झळकला. जानेवारी 2013 मध्ये चीनच्या डीजेआयने फँटम बाजारात आणला आणि परतीची सोय खोक्यातूनच मिळू लागली. सिग्नल गेला की फँटम निदान 20 मीटर उंची गाठे, सरळ रेषेत परत येई आणि उतरे. उघड्या शेतावर 20 मीटर पुष्कळ झाले. कारखान्याच्या मनोऱ्यापुढे ते काहीच नव्हेत, आणि मनोरा वाटेत आहे हे त्या यंत्राला कळायला मार्ग नव्हता.

मोठ्यांचंही याहून बरं नव्हतं. ऑगस्ट 2010 मध्ये अमेरिकन नौदलाच्या फायर स्काउट या मानवविरहित हेलिकॉप्टरचा संपर्क तुटला. त्याने परत फिरायला हवं होतं. प्रोग्राममधल्या दोषामुळे ते फिरलं नाही आणि वॉशिंग्टनभोवतीच्या निर्बंधित हवाई हद्दीत शिरलं. संपर्क पुन्हा जुळला म्हणून निभावलं.

भारतात ही सोय नियमांत आली ती 1 डिसेंबर 2018 पासून. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या त्या नियमांनी अगदी लहान ‘नॅनो’ गट वगळता ड्रोनला परतीची सोय आवश्यक ठरवली. पुढे ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी परवान्यांची गुंतागुंत बरीच कमी केली. यवतमाळ जिल्ह्याला ड्रोनची ओळख तोवर झाली होती. पांढरकवडा-राळेगावच्या जंगलात टी-1 म्हणजे ‘अवनी’ वाघिणीचा शोध चालू होता, तेव्हा हत्ती, कुत्रे आणि पॅराग्लायडर यांच्याबरोबर उष्णता टिपणारे ड्रोनही आणले होते. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती बोराटीजवळ मारली गेली. त्याच्या आदल्या वर्षी याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले होते. त्यामुळे फवारणीच्या ड्रोनचा विषय निघाला की इथे तो नुसता हौसेचा राहत नाही. हा ड्रोन टाकी रिकामी झाली की परत येतो आणि औषध भरून दिलं की जिथे काम सोडलं तिथून पुढे सुरू करतो. परतीची सोय अडचणीतून रोजच्या कामात आली.

तरीही जुन्या पिढ्यांचे गुण या यंत्रात शिल्लक आहेत. ‘होम’ म्हणजे उड्डाणाच्या वेळी उपग्रहांनी दाखवलेली जागा. पुरेसे उपग्रह जुळायच्या आत घाईने उडवला तर घराची नोंदच कच्ची राहते, आणि उडवणारा नंतर मोटारसायकलवर दुसऱ्या धुऱ्यावर गेला तर ड्रोन कबुतरासारखा जुन्याच जागी उतरतो. परतीची उंची सहसा उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, खालच्या जमिनीपासून नव्हे. खाणीच्या तळाशी उभं राहून भरलेले 40 मीटर काठावर आल्यावर फारसे उरत नाहीत. होकायंत्र लोखंडाजवळ बहकतं, तेव्हा ते ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा सळयांच्या ढिगाशेजारी जुळवू नये. जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर असतो आणि बॅटरी तिथेच संपते. नव्या ड्रोनला पुढचे अडथळे दिसतात, पण बारीक तार त्यांनाही हुलकावणी देते.

म्हणून सिग्नल गेला तर काय करायचं, या खान्यात बहुतेक ड्रोनमध्ये एकाहून जास्त पर्याय असतात : परत ये, जागीच थांब, खाली उतर. उघड्या शिवारात पहिला ठीक, मात्र उंची वाटेतल्या सर्वात उंच वस्तूच्या वरची हवी आणि कायद्याच्या 120 मीटरच्या आतली. दोन्ही जमत नसतील तर ती जागाच उडवण्याची नव्हे. सागाच्या फांद्यांखाली चित्रण करायचं असेल तर पहिला पर्याय घातक, कारण परतण्यासाठी ड्रोन आधी सरळ वर चढेल आणि फांदीत अडकेल. तिथे ‘जागीच थांब’ निवडावं आणि रिमोट घेऊन आपण चार पावलं जवळ जावं. नजरेच्या टप्प्यात उडवलं असेल तर ती चार पावलं पुरतात.