वेगवान हार्ड डिस्क निवडताना

संगणक संथ चालू लागला की दोष बहुधा प्रोसेसरला किंवा अपुऱ्या रॅमला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा हे दोन्ही घटक रिकामे बसून हार्ड डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत असतात. प्रोसेसर आणि रॅम यांत हलणारा एकही भाग नसतो. हार्ड डिस्क मात्र फिरणाऱ्या तबकड्यांचे यंत्र आहे. म्हणूनच डिस्क विकत घेताना ‘किती टीबी?’ एवढा एकच प्रश्न विचारणे पुरेसे नसते.

वेग म्हणजे प्रतीक्षा

आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. आज डेस्कटॉपमध्ये बसणारी डिस्क साडेतीन इंची असते आणि तिची तबकडी बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. कार्यपद्धती मात्र तीच आहे. माहिती वाचण्यासाठी हेडला आधी योग्य वर्तुळावर सरकावे लागते आणि मग हवा तो भाग फिरत हेडखाली येईपर्यंत थांबावे लागते.

ही दुसरी प्रतीक्षा साध्या गणिताने काढता येते. ती सरासरी अर्ध्या फेऱ्याइतकी असते. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला त्यासाठी सुमारे ५.६ मिलिसेकंद लागतात, तर ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला सुमारे ४.२. हेड सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद त्यात मिळवले की ७,२०० फेऱ्यांची डिस्कही सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० ठिकाणीच पोहोचू शकते, हे ध्यानात येते.

याचा परिणाम रोजच्या कामात दिसतो. सलग साठवलेली चार जीबीची चित्रफीत सेकंदाला २०० एमबी या गतीने २० सेकंदांत वाचून होते. परंतु डिस्कवर विखुरलेल्या ४,००० लहान फाइली असतील, तर त्या नुसत्या शोधण्यातच सुमारे ५० सेकंद जातात. विंडोज सुरू होताना किंवा एखादे सॉफ्टवेअर उघडताना अशाच असंख्य लहान फाइली वाचल्या जातात.

खोक्यावरचे आकडे

‘६ गिगाबिट प्रतिसेकंद’ हा आकडा ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल करतो. ती साटा जोडणीची कमाल क्षमता आहे, डिस्कची गती नव्हे. जोडणीतून सेकंदाला सुमारे ६०० एमबी माहिती जाऊ शकते. आजच्या बहुतेक डेस्कटॉप हार्ड डिस्क मात्र त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाहीत. शिवाय तबकडीच्या बाहेरील कडेला मिळणारी गती आतल्या बाजूस जवळपास निम्मी होते. त्यामुळे भरत आलेली डिस्क संथ वाटणे स्वाभाविक असते. कॅशचा आकडा उपयोगी असला, तरी केवळ कॅश मोठी आहे म्हणून डिस्क वेगवान ठरत नाही.

खोक्यावर सहसा न आढळणारी बाब त्याहून महत्त्वाची आहे. काही डिस्कमध्ये अधिक माहिती मावावी म्हणून वर्तुळे छपरावरील कौलांप्रमाणे किंचित एकमेकांवर चढवून लिहिली जातात. या पद्धतीला ‘एसएमआर’ म्हणतात. कौलारू छपरातले एक कौल बदलताना शेजारची कौलेही उचलावी लागतात. त्याचप्रमाणे येथे थोडीशी माहिती बदलायची असली तरी शेजारची वर्तुळे पुन्हा लिहावी लागतात. परिणामी दीर्घकाळ लेखन चालू राहिल्यास गती एकाएकी कोसळते. आपल्या काही डिस्कमध्ये ही पद्धत वापरल्याचे आघाडीच्या उत्पादकांनी ग्राहकांना स्पष्ट सांगितले नव्हते, हे २०२० मध्ये उघड झाले. त्यावर टीका झाल्यानंतर कंपन्यांनी कोणत्या मॉडेलमध्ये कोणती पद्धत आहे, याची माहिती जाहीर केली. वारंवार लेखन होणार असेल तर ‘सीएमआर’ पद्धतीची डिस्क घ्यावी आणि मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या माहितीपत्रकात त्याची खात्री करावी.

एसएसडीने बदललेले गणित

वेगाच्या स्पर्धेत तबकड्या अधिकाधिक जोरात फिरवण्याचा प्रयत्नही झाला. २००३ मध्ये वेस्टर्न डिजिटलने डेस्कटॉपसाठी १०,००० फेऱ्यांची ‘रॅप्टर’ आणली. पण तिचीही फिरण्याची प्रतीक्षा तीन मिलिसेकंदांखाली जाऊ शकत नव्हती. तबकडीच नसलेल्या एसएसडीला माहितीपर्यंत पोहोचण्यास सुमारे ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, तर एनव्हीएमई प्रकारची त्याच्या कितीतरी पट.

म्हणून आज डेस्कटॉपसाठी कामाची विभागणी करणे श्रेयस्कर ठरते. ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेहमीची सॉफ्टवेअर एसएसडीवर ठेवावीत. छायाचित्रे, चित्रफिती, गाणी आणि जुनी कागदपत्रे हार्ड डिस्कवर. कारण प्रत्येक जीबीमागे हार्ड डिस्क अजूनही स्वस्त पडते. केवळ साठवणीसाठी ५,४०० फेऱ्यांची डिस्क पुरते; ती तुलनेने कमी तापते आणि आवाजही कमी करते. चित्रफितींचे संपादन थेट हार्ड डिस्कवरून करायचे असेल, तर ७,२०० फेऱ्यांची सीएमआर डिस्क हवी. जुन्या संगणकात केवळ साटा जोडणी असली, तरी साटा एसएसडी बसवल्यावर पडणारा फरक लगेच जाणवतो.

खरेदी करताना

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा गावातले दुकान, डिस्क सीलबंद आहे ना हे पाहावे, बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्याची वॉरंटी तपासावी. घरी आणल्यावर ‘स्मार्ट’ नोंदी दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर चालवावे. नवी म्हणून घेतलेली डिस्क आधीच हजारो तास चालल्याचे त्यात दिसले, तर ती तत्काळ परत करावी. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते; हा दोष नसून मोजणीच्या पद्धतीतील फरक आहे.

हार्ड डिस्क आणि एसएसडी दोन्ही कधी ना कधी बंद पडतात, आणि एसएसडी तर काही वेळा कोणतीही पूर्वसूचना न देता. वेगावर खर्च करताना दुसऱ्या एखाद्या डिस्कवर बॅकअप ठेवण्यापुरती रक्कम आधीच बाजूला काढावी. संथ संगणकाने वाया घालवलेले काही क्षण विसरता येतात. मुलांच्या लहानपणीची छायाचित्रे मात्र एकदा गेली की कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.