अचूक गोलसंख्येवरील पैजेचे भाव

फुटबॉल सामना नेमक्या कोणत्या गोलसंख्येवर संपेल या पैजेसाठी बुकमेकर जे परताव्याचे दर जाहीर करतात, त्यांचा पाया संभाव्यताशास्त्रात आहे. दोन्ही संघांची आक्रमण व बचाव क्षमता आणि घरच्या मैदानाचा लाभ विचारात घेऊन प्रत्येक संघाची अपेक्षित गोलसरासरी ठरवली जाते व तीवरून, विरळ घटना किती वेळा घडतील हे सांगणाऱ्या प्वासाँ वितरणाच्या आधारे, प्रत्येक निकालाची संभाव्यता काढली जाते. उदाहरणार्थ, यजमानांची सरासरी १.५ व पाहुण्यांची १.१ असल्यास १–१ या निकालाची संभाव्यता सुमारे १२.३ टक्के येते. तिचा व्यस्त, म्हणजे सुमारे ८.१६, हा न्याय्य भाव होय. अर्थात तो ग्राहकाला क्वचितच मिळतो.

एम. जे. माहेर यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या या धर्तीच्या प्रतिमानात दोन्ही संघांचे गोल परस्परांपासून जवळजवळ स्वतंत्र मानले होते. प्रत्यक्षात मात्र ०–० व १–१ हे निकाल अशा गणितापेक्षा अधिक वेळा लागतात, हे ध्यानी घेऊन मार्क डिक्सन व स्टुअर्ट कोल्स यांनी १९९७ मध्ये इंग्लंडमधील सामन्यांच्या आधारे कमी गोलांच्या चार निकालांपुरती दुरुस्ती सुचवली आणि जुन्या सामन्यांचे वजन उत्तरोत्तर घटवले.

जाहीर भाव न्याय्य भावापेक्षा कमी ठेवल्याने सर्व निकालांच्या गर्भित संभाव्यतांची, म्हणजे जाहीर भावांच्या व्यस्तांची, बेरीज १०० टक्क्यांहून अधिक भरते. हे आधिक्य, म्हणजेच बुकमेकरचा नफ्याचा वाव, विजय-बरोबरी-पराभव या साध्या पैजेपेक्षा येथे बरेच मोठे असते, कारण पर्याय अनेक असतात आणि ४–३ सारख्या दुर्मीळ निकालाचा भाव किती कापला आहे हे ग्राहकाला सहज कळत नाही. पुढे संघनिवड जाहीर झाल्यावर किंवा एखाद्या निकालावर पैशांचा ओघ वाढल्यास भाव पुन्हा बदलले जातात.