नकाशांतील न विकावयाची जागा



चार एकरांचा एक सर्व्हे नंबर आपण क्षणभर डोळ्यांपुढें आणूं. शहर वाढत वाढत त्याच्या बांधापर्यंत येऊन ठेपलें आहे, आणि मालकाच्या मनांत आतां ज्वारीऐवजीं घरें पिकविण्याचा विचार आला आहे. चार एकर म्हणजे १६० गुंठे. कोणी हिशेबी माणूस सल्ला देतो, "गुंठा-गुंठा पाडून विका, १६० गिऱ्हाइकें मिळतील." दुसरा, थोडा जाणता, म्हणतो, "अहो, रस्त्याला जागा नको ? मोकळी जागा नको ?" रस्त्यांना चौथा हिस्सा धरला तर ४० गुंठे गेले, मुलांना खेळावयास दहावा हिस्सा ठेवला तर आणखी १६. विकावयास उरले १०४. हा जो ५६ गुंठ्यांचा फरक, त्याच्याभोंवतींच आजच्या माझ्या विषयाचा सारा इतिहास फिरतो. जमिनीचे भाग पाडण्यापूर्वी नकाशा करून सरकारास अथवा म्युनिसिपालिटीस दाखविला पाहिजे, हा नियम आपणांस आज कचेरींतला एक नेहमींचा त्रास वाटतो. परंतु त्या नकाशांत अधिकारी मुख्यतः पाहतो तें विकावयाच्या भूखंडांकडे नव्हे, न विकावयाच्या जागेकडे. ही दृष्टि आपल्याकडे कशी आली, आणि यावयास किती वर्षें लागलीं, तें सांगण्याचा आज विचार आहे.

प्रथम गुंठ्याविषयीं. पुणें जिल्ह्यांत प्रिंगल यांची पहिली मोजणी फसल्यावर १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं जी नवी मोजणी सुरू केली, तिच्यावर पुढें सबंध मुंबई इलाख्याची जमाबंदी उभी राहिली. मोजणीदारांची साखळी ३३ फुटांची, आणि तिचे भाग सोळा. त्यांना नांवही आण्यांचेंच होतें. रुपयाचे सोळा आणे ज्याला ठाऊक, त्याला साखळीचे सोळा आणे शिकवावे लागत नसत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. सर्व्हे नंबर केवढा असावा, याचा अदमास एका बैलजोडीच्या कामावरून बांधलेला होता. त्याहून लहान धारणा असल्या तर त्यांस निराळा नंबर न देतां एकाच नंबराचे हिस्से समजत. पुढें हक्कनोंदणीचा १९०३ चा कायदा झाला, आणि त्यामागोमाग पोटहिश्शांची मोजणी आली. बैलजोडीनें आखलेला नंबर तेव्हांपासून भावाभावांच्या वाटण्यांनीं कागदावरहि चिरला जाऊं लागला.

आतां ह्या मोजणीचें टिपण पाहिलें तर त्यांत बांध आहेत, विहीर आहे, शेजारचे नंबर आहेत. रस्ता मात्र क्वचितच आहे. गांवाचा शिवरस्ता किंवा गाडीवाट असली तर ती दाखविलेली असते. बाकीच्या शेतांत जाणें-येणें वहिवाटीनें चालतें, आणि वहिवाट ही शेजाऱ्याच्या स्मरणांत राहते, कागदांत नव्हे. शेतीला हें पुरतें. पेरणीला, कापणीला, मळणीला गाडी गेली कीं वर्ष निघतें. परंतु त्याच शेतांत शंभर बिऱ्हाडें आलीं तर पाण्याची घागर, आजारी माणूस, सांडपाणी आणि मेलेल्याची तिरडी हीं सारीं कोणत्या वाटेनें जावयाचीं, ह्या प्रश्नास टिपणांत उत्तर नाहीं.

पहिल्या कायद्यालाहि तो प्रश्न पडला नव्हता. १८७९ चा मुंबईचा जमीन महसूल कायदा, त्याचें ६५ वें कलम: शेताच्या जमिनीचा उपयोग शेतीखेरीज दुसऱ्या कामाकडे करावयाचा तर खातेदारानें कलेक्टरकडे अर्ज केला पाहिजे. कलेक्टरास परवानगी देतांना दंड व नवा आकार बसवितां येई; विनापरवाना काम केल्यास पुढच्या कलमांत शिक्षा होती. "बिनशेती" हा शब्द ज्या व्यवहारांतून घरोघर गेला तो हा. पण कायद्याचें नांवच महसूल कायदा. त्याची नजर आकारावर होती. ज्वारीचा आकार वेगळा, घराचा वेगळा, एवढाच मुद्दा. त्यांत एक गमतीची तरतूद मात्र होती. अर्जाची लेखी पोंच द्यावयाची, आणि तीन महिन्यांत कलेक्टराचा निर्णय अर्जदारास कळला नाहीं तर परवानगी मिळाली असें समजावयाचें. कचेरीच्या मौनास होकार मानणारी ही उदार कल्पना १९६६ च्या दोन्ही कायद्यांतहि उतरली. महसुलाच्या कायद्यांत ९० दिवस, नगररचनेच्या कायद्यांत ६०. ज्यांनीं अर्जाची पोंच जपून ठेवली नाहीं, त्यांना तिची किंमत पुढें कोर्टांत कळली.

रस्त्याचा विचार प्रथम केला तो मुंबई शहरानें, १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यांत. आपल्या जमिनींत खासगी रस्ता पाडून घरांस जागा करून देणाऱ्यानें कमिशनरास अगोदर नोटीस द्यावी, सोबत नकाशे जोडावे, आणि त्या रस्त्याची दिशा, पातळी, रुंदी व पाण्याचा निचरा हीं कमिशनरानें ठरवावीं, असें ३०२ व त्यापुढील कलमांत आलें. रस्ता नुसता कागदावर काढून भागत नसे. तो सपाट केला नाहीं, खडी घातली नाहीं, गटार बांधलें नाहीं, तर दुतर्फाच्या मालकांकडून तें करवून घेण्याचा अधिकार होता. आणि सारें यथास्थित झाल्यावर तोच खासगी रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करण्याची सोय होती. मालकाचा रस्ता लोकांचा कसा होतो, याची पायरी-पायरीनें मांडणी आपल्याकडे येथें प्रथम दिसते.

कायदा झाला, पण जुन्या शहराला तो आठ वर्षें उशिरां भेटला असेंच म्हणावें लागतें. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवीच्या वस्तींत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे. त्यानंतरच्या महिन्यांत मुंबई कशी ओस पडली, तें पुष्कळांनीं लिहिलें आहे. सरकारच्या मनावर एक गोष्ट ठसली: ज्या घरांत ऊन जात नाहीं, वारा जात नाहीं, तेथें रोग जातो. १८९८ त इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तींतून रस्ते फोडणें आणि शहराच्या उत्तरेस मोकळ्या भूमीवर नवी वस्ती आखणें, हें त्याचें काम. पहिली योजना नागपाड्याची. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे त्याचेच रस्ते. ह्या कामाची स्तुति करतांना एक कडू गोष्ट विसरतां कामा नये. ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांतले पुष्कळ गरीब लोक नव्या चाळी होईपर्यंत थांबूं शकले नाहींत. ते शेजारच्या, आधींच भरलेल्या वस्तींत शिरले. रोगाची जागा बदलली, गर्दी तशीच राहिली.

ट्रस्टचे एक अध्यक्ष ओर यांनीं एका भूमितीच्या नियमाचा आग्रह धरला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. खोलीला पुरेसा उजेड मिळावयाचा तर समोरची इमारत साडेत्रेसष्ट अंशांच्या रेषेच्या वर जातां कामा नये. सोप्या भाषेंत, समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नको. चाळीस फूट उंच भिंत तर वीस फूट अंतर. नकाशावर कोनमापक ठेवून गरिबाच्या खिडकींतलें आकाश मोजण्याचा हा प्रयत्न होता. नियम रुक्ष खरा, पण ज्यानें मुंबईच्या तळमजल्यावर भरदुपारीं दिवा लावून स्वयंपाक केला आहे, त्याला तो रुक्ष वाटणार नाहीं.

दादर-माटुंगा भागांत ट्रस्टला कोरी जमीन मिळाली. तेथें आधीं रस्ते, मग भूखंड, मग घरें असा क्रम पाळतां आला. भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें द्यावयाचे, आणि किती जागेवर बांधावें, किती उंच बांधावें याच्या अटी पट्ट्यांतच घालावयाच्या, अशी रीति होती. ट्रस्टच्या नोकरींत असलेले इंजिनिअर मंचरजी एदलजी जोशी यांनीं मध्यम स्थितींतील पारशी कुटुंबांसाठीं १०३ भूखंड राखून घेतले. त्यांतून दादरची पारशी वसाहत झाली. तिच्या रस्त्यांवरचीं झाडें आज पाहणाऱ्यानें एवढें ध्यानांत घ्यावें कीं झाडांना जागा पट्ट्याच्या अटींनीं आणि रस्त्याच्या रुंदीनें मिळाली आहे. माहीमचें जें मैदान १९२५ त लोकांस खुलें झालें आणि १९२७ त अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें शिवाजी पार्क झालें, तेंहि असेंच न विकलेल्या जागेचें फळ.

परंतु ट्रस्टची पद्धति महाग. सगळी जमीन आधीं विकत घ्यावयाची तर तिजोरी तेवढी हवी. वांद्रें, पार्लें, ठाणें अशा ठिकाणच्या लहान म्युनिसिपालिट्यांनीं काय करावें ? ह्याला १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानें जें उत्तर दिलें, तें माझ्या मतें ह्या साऱ्या इतिहासांतलें सर्वांत शहाणपणाचें पान आहे. त्याचें मूळ जर्मनींत. फ्रँकफुर्टचे महापौर आडिकेस यांच्या खटपटीनें १९०२ त तेथें असा कायदा झाला होता. इंग्लंडांत १९०९ चा नगररचना कायदा आला. आणि आपल्याकडे सरकारचे सल्लागार सर्व्हेअर आर्थर मिराम्स यांनीं ह्या विषयाची बाजू हिरिरीनें मांडली.

कल्पना अशी. शेतांचे आकार वेडेवांकडे असतात: कोणाचें शेत पट्टीसारखें लांब, कोणाचें त्रिकोणी, कोणाचें चारी बाजूंनीं दुसऱ्यांच्या शेतांनीं वेढलेलें. प्रत्येकानें आपापला नकाशा करून तो मंजूर करवून घेतला तरी दहा मंजूर नकाशांचे रस्ते एकमेकांस मिळतीलच असें नाहीं. म्हणून म्युनिसिपालिटीनें योजना करण्याचा इरादा जाहीर करावा. त्या दिवसापासून परवानगीवांचून बांधकाम बंद. मग सर्वांच्या जमिनी कागदावर एकत्र कराव्या, त्यांतून रस्ते आणि सार्वजनिक जागा आधीं काढून घ्याव्या, आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी, रस्त्याला लागून असलेले भूखंड पाडून ते मूळच्या मालकांस परत द्यावे. मालकाची जमीन थोडी घटते. पण पूर्वीं जेथें बैलगाडी जात नव्हती तेथें आतां रस्ता येतो, आणि भाव चढतो. ह्या चढलेल्या भावांतून निम्म्यापर्यंत हिस्सा योजनेच्या खर्चासाठीं म्युनिसिपालिटीनें घ्यावा. घटीची भरपाई आणि वाढीचा हिस्सा ठरविण्यास लवाद नेमलेला असे. कोणाची जमीन गेली, कोणाची राहिली, हा भेद ह्यांत राहत नाहीं. रस्त्याचें ओझें सर्वांवर वांटलें जातें. मुळांत ज्याच्या शेतांतून रस्ता गेला तोच बुडाला आणि शेजारी फुकट श्रीमंत झाला, हा जो नेहमींचा अन्याय, त्यावर हा उपाय होता.

व्यवहारांत योजना वर्षानुवर्षें रेंगाळत, हेंहि सांगितलें पाहिजे. लवादापुढें तक्रारी चालत, तोंवर मूळ मालक म्हातारा होई. तरीहि वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत "टी. पी. एस." हीं तीन अक्षरें रस्त्यांच्या नांवांत राहून गेलीं आहेत. गुजराथनें, जो तेव्हां ह्याच इलाख्यांत होता, ही पद्धति अधिक चिकाटीनें चालविली. अहमदाबादचा साबरमतीपलीकडचा एलिसब्रिज भाग तिचें ठळक उदाहरण.

त्याच वर्षीं पॅट्रिक गेडिस इलाख्यांतील गांवें हिंडून पाहत होते. पुढें १९१९ त मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचें अध्यापन त्यांच्याकडे आलें. त्यांचा आक्षेप असा कीं पट्टीनें ओढलेला सरळ रस्ता नकाशावर सुंदर दिसतो, पण तो आड, देऊळ आणि पिंपळाचा पार ह्यांच्यावरून जातो. आधीं गांव पायीं फिरून पाहा, मग कात्री चालवा, हें त्यांचें सांगणें आमच्या कचेऱ्यांनीं फारसें मनावर घेतलें नाहीं.

पुढचे कायदे थोडक्यांत सांगतों. १९४७ त तुकडेबंदीचा कायदा आला. तो शेतीचे फार लहान तुकडे होऊं नयेत म्हणून. १९५४ च्या नगररचना कायद्यानें म्युनिसिपालिट्यांस सबंध गांवाचा विकास-आराखडा करणें भाग पाडलें. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानें परवानगीची आजची चौकट घातली. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलींतहि सर्वसाधारणपणें ०.४ हेक्टर व त्यावरील जमिनीच्या आखणींत दहा टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. म्हणजे आरंभीं सांगितलेले ते सोळा गुंठे.

आणि तरीहि तो १६० गुंठ्यांचा हिशेब मेला नाहीं. १९७६ नंतर, शहरी जमिनीच्या कमाल धारणेचा कायदा आल्यावर, शहरांच्या कडेचीं शेतें मंजुरीवांचून गुंठ्या-गुंठ्यानें विकलीं गेलीं. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, सांगली, पुणें, जेथें जावें तेथें "गुंठेवारी" हा शब्द रूढ झाला. विंगेटच्या साखळीनें मोजलेलें माप आतां एका प्रकारच्या घराचें नांव होऊन बसलें. घेणारे कोण ? गिरणी-कारखान्यांतले, हमाली करणारे, लहान नोकरदार. ज्यांना मंजूर आखणींतला भूखंड परवडत नव्हता. त्यांना दोषी ठरविणें सोपें आहे. पण मंजूर नकाशांतल्या मोकळ्या जागेची किंमत उरलेल्या १०४ गुंठ्यांवर बसते, आणि ती शेवटीं घेणाराच देतो. ज्याच्याजवळ तेवढे पैसे नव्हते त्यानें रस्त्यावांचून घर घेतलें, इतकाच त्याचा अपराध. शेत विकून पैसे घेतलेला मालक आणि मधला दलाल मात्र तोंपर्यंत निघून गेलेले असत.

शेवटीं २००१ त शासनानें गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पर्यंतच्या भूखंडांस तो लागू होता. २०२१ च्या दुरुस्तीनें ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. आतां तेथेंहि नकाशा सादर करावा लागतो, शुल्क भरावें लागतें. फक्त क्रम उलटा आहे. घरें उभीं आहेत, तुळशीवृंदावनें आहेत, मुलें त्याच गल्लींत वाढून कामाला लागलीं आहेत. आणि मग मोजणीदार फीत घेऊन येतो, एका ओट्यापासून समोरच्या ओट्यापर्यंत धरतो, आणि जें अंतर भरेल तें रस्त्याची रुंदी म्हणून नकाशांत लिहितो.