एकच टेकडी, दर वसंतात

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो: "यात नवीन काय?" या प्रश्नाची धास्ती घेतली असेल, तर वायटमच्या टेकडीचा इतिहास जरूर वाचा. पंचाहत्तरहून जास्त वर्षं तिथे माणसं दर वसंतात जवळपास तेच काम करतायत.

ऑक्सफर्ड शहराबाहेर, थेम्स नदीच्या वळणात, ही झाडीने भरलेली टेकडी आहे. आपण सह्याद्रीतली माणसं, आपल्याला ती किरकोळच वाटेल. 1942 मध्ये ती विद्यापीठाकडे आली आणि चार्ल्स एल्टन तिथे जाऊ लागला. हा काही नवखा माणूस नव्हता. तरुणपणी तो आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गनला जाऊन आला होता, 1927 मध्ये त्याचं 'ॲनिमल इकॉलॉजी' आलं होतं. तोच माणूस आता घराजवळच्या रानात वीसेक वर्षं फिरून कुठला प्राणी कुठे राहतो, एवढंच टिपत राहिला. त्यातून 1966 मध्ये जे पुस्तक झालं, त्यात पडलेल्या, सडक्या लाकडाबद्दल एक अंदाज आहे: ते उचलून रान 'साफ' केलं, तर तिथले पाचव्या हिश्श्याहून जास्त प्राणी जातील. हे एका फेरीत दिसणारं नाही.

आता डेव्हिड लॅककडे येऊ. 1947 मध्ये त्याने टेकडीच्या मार्ली वुड भागात घरट्यांसाठी शंभर लाकडी पेट्या टांगल्या. ग्रेट टिट हा चिमणीएवढा पक्षी झाडाच्या ढोलीत घरटं करतो, पेटीही चालवून घेतो. लॅकचा प्रश्न होता, पक्षी अंडी किती घालतात आणि तेवढीच का? त्याचं म्हणणं साधारण असं, की आईबापांना जितकी पिल्लं पोसता येतील तितकी.

पद्धत बघा, किती साधी आहे. मादी रोज एक अंडं घालते. म्हणजे पेटी रोज उघडायची गरजच नाही; आठवड्याने गेलात आणि पाच अंडी दिसली, की मागे मोजायचं, पहिल्या अंड्याची तारीख मिळते. पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. लॅकनंतर ख्रिस पेरिन्सने हे पुढे नेलं आणि लवकर जन्मलेली पिल्लं जास्त जगतात, हे दाखवलं.

या नोंदींत एक सांधा मात्र आहे, आणि मला वाटतं संशोधनाला बसणाऱ्याने तोच नीट बघावा. वीझल हा मुंगसासारखा, पण त्याहून बराच लहान शिकारी पेट्यांतली पिल्लं खायचा. म्हणून 1970 च्या दशकात लाकडी पेट्या काढून सिमेंटमिश्रित, टांगत्या पेट्या आल्या. पिल्लं वाचली खरी. पण आधीची आणि नंतरची पिल्लांची संख्या आता सरळ शेजारी ठेवता येत नाही. पेटी कधी बदलली हे लिहून ठेवलेलं होतं, म्हणून निभावलं!

2008 मध्ये याच वह्यांमधून एक वेगळंच उत्तर निघालं. 1961 ते 2007 या काळात अंडी घालण्याची तारीख सुमारे चौदा दिवसांनी अलीकडे आली होती. वसंत लवकर तापू लागला, ओकची पालवी लवकर फुटू लागली, पालवीवरच्या अळ्याही लवकर आल्या. आणि पिल्लांना भरवायला अळ्या हव्यात. लॅकने पेट्या टांगल्या तेव्हा हवामानबदल हा त्याचा विषयच नव्हता. शिवाय पायात कडी असल्यामुळे आणखी एक गोष्ट विचारता आली: त्याच मादीने उबदार वर्षी अंडी आधी घातली का? घातली होती. म्हणजे नव्या जातकुळीची वाट न बघता, एकेक पक्षी आपली तारीख बदलत होता.

मग सगळे ग्रेट टिट असंच निभावून नेतात, असं म्हणावं का? थांबा. नेदरलँड्समध्ये होगे वेलुवेच्या रानातही 1955 पासून हेच पक्षी मोजले जातायत. तिथे अळ्यांची वेळ अलीकडे सरकली, पण पक्षी तेवढे सरकले नाहीत. पिल्लं भुकेच्या ऐन भरात असतात, तोवर अळ्यांचा हंगाम उतरणीला लागलेला असतो.